वीस दात, अठरा दात

रविवारी सकाळी नऊ वाजता ट्रकथांब्यावरचे सगळे पंप मोकळे होते. माणसं पलीकडच्या मैदानात होती. साठ-सत्तर ड्रायव्हर, काहींच्या बायका, दोन-तीन शेतकरी. टोप्या काढून काखेत धरलेल्या, हातात कॉफीचे कागदी पेले. मधोमध एक निळा ट्रक उभा होता आणि त्याच्या पोटाखालून दोन चकचकीत बूट बाहेर आले होते.

"डोळे मिटा, बंधूंनो," ट्रकखालून आवाज आला. "देव काम करत असताना त्याच्याकडे टक लावून बघू नये. गाणं म्हणा. पाचही कडवी म्हणा."

सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि गाणं सुरू झालं. मी डोळे उघडे ठेवले होते, पण मला बुटांखेरीज काही दिसत नव्हतं. पाचवं कडवं संपताना ब्रदर व्हर्लिन पोग बाहेर सरकले, उठले आणि कोपरापर्यंत तेलाने माखलेला हात त्यांनी वर केला. मग त्यांनी ड्रायव्हरला हायवेवर पुढच्या फाट्यापर्यंत जाऊन यायला सांगितलं.

पंचवीस मिनिटांनी निळा ट्रक परत आला. ड्रायव्हर मर्ल हा अंगाने आडदांड गडी. तो खाली उतरला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वेगाचा काटा पंचावन्न मैलांवर धरला होता, तो म्हणाला. रोज त्या वेगाला इंजिनाचे मिनिटाला सतराशे फेरे होतात. आज फक्त पंधराशे तीस. गिअर तोच, रस्ता तोच, म्हणजे डिझेल तेवढं कमी.

"दशांश," ब्रदर व्हर्लिन हलक्या आवाजात म्हणाले. "तुम्ही कमाईचा दहावा भाग देवाला देता. देव कुणाचं ठेवून घेत नाही, बंधूंनो. तो इंजिनाच्या फेऱ्यांत परत करतो. कारखानेवाले तुम्हाला फेरे कमी करणारा ओव्हरड्राइव्ह गिअर विकतात. हा स्वर्गातला ओव्हरड्राइव्ह आहे." गर्दी जरा हसली. मग त्यांचा आवाज आणखी खाली आला. "आणि देवाने या कामाला कुणाचे हात घेतलेत?"

"ओटोचे," गर्दीतून आवाज आला.

ओटो व्हाव्रा म्हणजे माझे बाबा. ते मार्चमध्ये गेले होते. पहिल्या रांगेत काळा कोट घालून उभी असलेली माझी आई मान डोलावत होती.

बाबांनी चाळीस वर्षं या हायवेच्या कडेला गिअरबॉक्स दुरुस्त केले. नेब्रास्काच्या या भागात ज्यांचा ट्रक खडखडायला लागायचा ते आमच्या शेडमध्ये यायचे. काम झालं की बाबा स्वतः ट्रक चालवून बघायचे आणि मग ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या ऊन अडवायच्या पट्टीवर जाड पेन्सिलीने एक आकडा लिहायचे. पंचावन्न मैलांच्या वेगाला वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे किती फेरे व्हायला हवेत, तो आकडा. कुणाचा १,६४०, कुणाचा १,७००. त्याखाली सही नसायची. तो आकडाच त्यांची सही होती. ड्रायव्हर तो पुसत नसत. फेरे वाढले की क्लच घसरतोय हे त्यांना लगेच कळायचं.

देव मात्र बाबांनी कधी मानला नाही. त्यांचे आजोबा बोहेमियातून आले ते पाद्र्यांना कंटाळून, आणि आमच्यासारख्या घराण्यांची गावाबाहेर वेगळी दफनभूमी आहे. तिथे एकाही दगडावर क्रूस नाही. बाबा तिथेच आहेत.

ब्रदर व्हर्लिन मे महिन्यात आले. जुन्या ट्रेलरमध्ये बाकं टाकून केलेलं फिरतं चर्च त्यांनी ट्रकथांब्यावर उभं केलं. अशी चर्चं इथे येत-जात असतात, त्यात नवल नव्हतं. पण यांना म्हणे स्वप्नात एक माणूस दिसला. उजव्या कानामागे जाड पेन्सिल खोचलेला. तो म्हणाला, मी जिवंतपणी मानलं नाही, आता मला हत्यारांशिवाय दुरुस्ती करायची शिक्षा आहे. मला काम दे. बाबांच्या कानामागची पेन्सिल थांब्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत होती. त्यासाठी स्वप्नाची गरज नव्हती. मी हे आईला सांगितलं.

"तुला सगळ्यातच खोट दिसते," आई म्हणाली. ती खसखशीचं सारण ढवळत होती. मी लिंकन शहरातून, तिथल्या वाचनालयातल्या नोकरीतून रजा काढून आले होते, म्हणून ती कोलाचे, आमच्याकडचे सारण भरलेले गोड पाव, करत होती. ते बाबांना आवडायचे. आम्ही दोघी एकेकच खाणार होतो, पण तिने चोवीस पाऱ्या लाटल्या होत्या.

"त्यांना रिकामं बसवायचं नाही गं," ती म्हणाली. "शेवटचे तीन महिने नुसते पडून होते. खिडकीतून शेडकडे बघायचे. आता काम करतायत म्हणतात. मी कशाला नाही म्हणू?"

मग तिने ठरलेलं सांगितलं. पुढच्या रविवारी ती शेडची किल्ली ब्रदर व्हर्लिनना देणार होती. शेड, ट्रकखाली उतरून काम करायचा खड्डा, हत्यारं, सगळं. तिथे कायमचं चर्च होणार होतं. बाबांच्या दगडावर क्रूस बसवायचंही बोलणं झालं होतं.

"आई, तिथे क्रूस बाबांना चालला असता?"

"आता चालतो म्हणतात," ती म्हणाली आणि पातेलं उतरवायला पाठ फिरवली.

मी पुढे वाद घातला नाही. जे तिच्या हातून काढून घ्यायचं होतं त्याच्या जागी ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं. नुसता संशय घेऊन आईसमोर उभं राहायचं नाही, एवढंच मी ठरवलं.

सोमवारी मी थांब्यावरच्या उपाहारगृहात जाऊन बसले. तिथली पर्ल वीस वर्षं कॉफी ओततेय. मी तिला नव्या चमत्काराबद्दल विचारलं तेव्हा तिने आजूबाजूला बघून घेतलं.

"चमत्काराचं मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण आशीर्वाद मिळाला की माणूस जेवायला उशिरा येतो. हार्लन बारा वाजता यायचा, चेरी-पायचा गोड तुकडा आलाच पाहिजे. आता येतो साडेबाराला. तोपर्यंत चेरीचा संपतो, मग माझ्यावर भुंकतो."

"फक्त हार्लन?"

"आशीर्वादवाले सगळे. बाकीचे वेळेवर."

हार्लन डीट्झ डुकरं वाहून न्यायचा. बाबांचा सगळ्यात जुना गिऱ्हाईक आणि बुद्धिबळातला जोडीदार. त्याला मी थांब्याच्या आवारात त्याच्या ट्रकपाशी गाठलं. त्याला आशीर्वाद मिळून तीन आठवडे झाले होते आणि तो खुशीत होता. डिझेल कमी लागत होतं. रस्त्यावर सगळे त्याला मागे टाकून जात होते, पण ते लेकाचे कायदा मोडतात, तो म्हणाला, सगळ्यांना पंचावन्नची मर्यादा आहे आणि मी पंचावन्नावर आहे. हल्ली ओमाहाच्या कत्तलखान्यात उशीर झाला म्हणून बोलणी खावी लागतात, एवढीच तक्रार. वारा समोरून असतो म्हणाला.

"जाताना पण आणि येताना पण?" मी विचारलं.

 मी पायरीवर चढून पट्टी बघितली. बाबांच्या हातचा १,६४० एका रेघेने खोडला होता. त्याखाली दुसऱ्या वळणात लिहिलं होतं: १,४७५.

बाबांचा आकडा कुणी खोडलेला मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.  मग मी वही काढली आणि दुपारपर्यंत आवारात आलेल्या प्रत्येक आशीर्वादित ट्रकची पट्टी बघून घेतली. १,७०० होते तिथे १,५३०. १,५८० होते तिथे १,४२०. सात ट्रक, चार वेगवेगळ्या कारखान्यांचे, कुणी नवा, कुणी पंधरा वर्षांचा. सगळ्यांचा दहावा भाग कमी झाला होता. ना नववा, ना अकरावा. ब्रदर व्हर्लिन यालाच दशांश म्हणत होते. मला ते एकाच पेटीतून आलेल्या सुट्या भागांसारखं वाटलं.

शेडमध्ये बाबांच्या वह्या लाकडी फळीवर क्रमाने लावलेल्या होत्या. हार्लनच्या ट्रकचं पान सापडायला पाच मिनिटं लागली. मी दहा वर्षांची असताना बाबांनी मला हे गणित याच टेबलावर शिकवलं होतं, म्हणून वाचताना अडखळले नाही. ट्रकचं चाक एका मैलात पाचशे वेळा फिरतं. पंचावन्नच्या वेगाला मिनिटाला ४५८ वेळा. मागच्या धुरीतल्या दातेरी चाकांमुळे गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याला त्याच्या ४.११ पट फिरावं लागतं, म्हणजे १,८८४. आणि वरचा गिअर ओव्हरड्राइव्ह आहे: दांडा शंभर वेळा फिरतो तेव्हा इंजिन सत्याऐंशी वेळाच फिरतं. १,८८४ गुणिले ०.८७, म्हणजे जवळपास १,६४०. पट्टीवरचा आकडा.

मग मी उलटं गणित केलं. पंचावन्नच्या वेगाला इंजिन १,४७५ वर यायचं असेल तर ०.८७ च्या जागी ०.७८ हवा. ०.७८ म्हणजे गिअरबॉक्समधली दातेरी चाकंच वेगळी. गिअरबॉक्स उतरवायचा, उघडायचा, दोन दिवसांचं काम. पाच कडव्यांत पोलादाचे दात वाढत नाहीत आणि झडतही नाहीत.

म्हणजे चार आकड्यांपैकी एक खोटा होता. चाक खोटं बोलू शकत नव्हतं, धुरी नाही, गिअर नाही. उरला वेग.

"काटा खोटं बोलतो असं म्हणतेस?" हार्लनने बुधवारी विचारलं. त्याला ते पटलं नव्हतं. या ड्रायव्हर लोकांचं असं आहे की इंजिनाच्या आवाजावरून ते अंधारातही वेग सांगतात, त्यांचा कान चुकत नाही. पण काटा आणि कान यांचं भांडण झालं की ते काट्याचं ऐकतात. काट्याला काच असते.

"तुझा कान काय म्हणतो?" मी विचारलं.

"कान म्हणतो पन्नासच्या आत आहोत. पण म्हातारा झालाय कान."

मी बाबांचं बटण दाबून सुरू-बंद करायचं घड्याळ आणलं होतं. हायवेवर दर मैलाला हिरव्या पाटीचा खांब आहे. ते खांब सरकारने जमीन मोजून पुरले आहेत. त्यांना कुणी आशीर्वाद दिलेला नाही. हार्लनने काटा पंचावन्नावर धरला आणि मी एका खांबापाशी घड्याळ सुरू केलं.  दोन्ही बाजूंना कापणीला आलेला मका होता. दहा खांब जायला दहा मिनिटं पंचावन्न सेकंद लागायला हवी होती.

बारा मिनिटं सात सेकंद लागली. मैल मोजणाऱ्या मीटरवर मात्र अकराच्या वर गेलेले दिसत होते.

"खांब दहा गेले ना, पोरी?" हार्लनने विचारलं.

"दहा."

"परत मोजू."

आम्ही येताना पुन्हा मोजले. बारा मिनिटं आठ सेकंद. मी मांडीवरच्या वहीत भागाकार केला. खरा वेग साडेएकोणपन्नास. बाबांच्या गणितात पंचावन्नच्या जागी साडेएकोणपन्नास घातले, गिअर तोच ठेवला, ०.८७. उत्तर आलं १,४७५. गिअरबॉक्सला काहीच झालेलं नव्हतं. तो बाबांनी ठेवला तसाच चालला होता.

हार्लनने ट्रक सरळ आमच्या शेडमधल्या खड्ड्यावर आणला आणि आम्ही दोघं खाली उतरलो. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला जिथे स्पीडोमीटरची केबल आत जाते, तिथे ग्रीसचा जाड थर थापलेला होता. हार्लनने चिंधीने तो पुसला. केबल आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये काडेपेटीएवढी एक धातूची डबी बसवलेली होती. ती हाताने आवळता येते. गाण्याची पाच कडवी भरपूर झाली. वेगळ्या मापाचे टायर घातले की काटा बरोबर दाखवावा म्हणून असल्या डब्या दुकानात मिळतात. गुन्हा डबीत नव्हता.

आम्ही ती टेबलावर उघडली. आत दोन छोटी चाकं. एकाला वीस दात, दुसऱ्याला अठरा. गिअरबॉक्सकडे वीसचं, केबलकडे अठराचं. ट्रक अठरा मैल गेला की मीटरला वीस सांगायचं, एवढंच तिचं काम.

"आणि डिझेल? डिझेल खरंच वाचलं गं," हार्लन म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

"मैल जास्त मोजले म्हणून मायलेज फुगलं. आणि थोडं खरंच वाचलं, कारण तू हळू चालवत होतास. हळू चालवायला पैसे पडत नाहीत."

त्याने चाकं डबीत परत ठेवली. मग म्हणाला, "ओटो असता तर मला या खड्ड्यातून वर येऊ दिलं नसतं."

मागे पावलं वाजली. आई दारात उभी होती. कॉफीचे दोन कप घेऊन आली होती. तिने कप ठेवले, डबी उचलली, तळहातावर कलती केली. तीस वर्षं बाबांच्या शेडसाठी सुटे भाग मागवण्याचं काम तिने केलं होतं. मला काहीही समजावून सांगावं लागलं नाही.

"कुठे होती?" तिने विचारलं.

हार्लनने बोटाने दाखवलं. आईने चाकं फिरवली, दात मोजले. पुन्हा मोजले.

"म्हणजे ते तिथे नव्हतेच," ती म्हणाली.

"नव्हते, आई."

तिने डबी ॲप्रनच्या खिशात टाकली आणि घरात गेली. रविवारपर्यंत ती त्यावर एक शब्द बोलली नाही. किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर होती तिथेच होती. मी ती काढून लपवू शकले असते. शेड तिची होती, म्हणून मी हात लावला नाही.

रविवारी गर्दी दुप्पट होती. किल्ली देण्याचा सोहळा म्हणून ट्रेलरला कागदी फुलं लावली होती. ब्रदर व्हर्लिननी सुरुवात केली. ओटोचा आत्मा आज शांत होणार आहे, ते म्हणाले. काल रात्री तो येऊन गेला. म्हणाला, माझ्या बायकोला सांग, माझं घर आता देवाचं घर होऊ दे. मग त्यांनी हात पुढे केला.

आई पुढे गेली. काळा कोट, उजव्या हातात किल्ली. 

"आधी एक विचारते," आई म्हणाली. तिला मोठ्याने बोलायची सवय नाही, पण सगळे गप्प असल्याने ऐकू गेलं. "माझ्या नवऱ्याने काय केलं म्हणता ट्रकांना?"

"ओझं हलकं केलं, ताई. दशांश परत केला."

"कशाने?"

"श्रद्धेने."

आईने डाव्या खिशातून डबी काढून त्यांच्या पसरलेल्या तळहातावर ठेवली. "ही हार्लनच्या केबलवर होती. वीस आणि अठरा. मर्ल, तुझ्याही ट्रकखाली बघ. ग्रीस पुसून बघ. सगळ्यांनी बघा."

ब्रदर व्हर्लिन हसले. सैतानाचे हात लांब असतात, ते म्हणाले, देवाच्या कामात विघ्न आणायला त्यानेच ती ठेवली असणार. तेवढ्यात मर्ल स्वतःच्या ट्रकखालून बाहेर आला. त्याच्या हातात तसलीच डबी होती. मग दुसरा, मग तिसरा.

"सात सैतान मोजले," हार्लन म्हणाला. "त्यांच्याकडे पाना कुठल्या मापाचा असतो, ब्रदर?"

कुणीतरी हसलं. मर्ल हसला नाही. तो तडक ब्रदर व्हर्लिनच्या स्वतःच्या, ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकखाली शिरला. बाहेर आला तेव्हा हात मोकळे होते. "याच्या ट्रकला नाही," तो म्हणाला. "याचा काटा खरा आहे."

ब्रदर व्हर्लिन माझ्या आईकडे वळले. त्यांचा आवाज पुन्हा मऊ झाला होता. "ताई, या लोकांचं सोडा. तुम्हाला ओटो जवळ हवा आहे ना?"

 आईला काय हवं होतं ते मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. इतके महिने ते त्याच्यावरच जगत होते.

"जुने ट्रक विकणारे यायचे आमच्याकडे," आई म्हणाली. "मीटर मागे फिरवून द्या म्हणायचे. माझ्या नवऱ्याने एकदाही फिरवला नाही. अशांना तो शेडच्या दारात उभंही करत नसे. जिवंतपणी ज्याने मीटर फिरवला नाही, त्याच्याकडून मेल्यावर फिरवून घेतलात तुम्ही. आणि त्याचा आकडा खोडलात."

तिने किल्ली कोटाच्या खिशात ठेवली आणि चालायला लागली. गर्दीने वाट दिली. कुणी ब्रदर व्हर्लिनच्या अंगावर गेलं नाही. दुपारपूर्वी ट्रेलर गेला. मर्लने थोडं अंतर त्याच्यामागे जाऊन बघितलं, वेग चांगला साठच्या वर होता म्हणे.

त्या आठवड्यात हार्लनने आमच्या खड्ड्यात सातही ट्रकांच्या केबली नीट बसवून दिल्या. एकाला डबी काढायची नव्हती. मला लाभते, तो म्हणाला, डिझेल वाचतं. आईने त्याला सांगितलं, "मग ॲक्सिलरेटरवरचा पाय उचल. त्याला डबी लागत नाही." जुन्या वह्यांतून बघून तिने प्रत्येकाच्या पट्टीवर आकडा पुन्हा लिहिला. तिचं वळण बाबांसारखं नाही. ड्रायव्हर तोही पुसत नाहीत.

मी लिंकनला परतायच्या दिवशी आम्ही दफनभूमीत गेलो. दगड तसाच आहे, नाव आणि जन्म-मृत्यूची दोन वर्षं. येताना आईने गाडीत ते घड्याळ मागून घेतलं आणि खांब मोजायला लागली. मी साधारण सहासष्ट सेकंदांना एक मैल जाईल अशी गाडी धरली. काही खांबांनंतर ती रडायला लागली, पण मोजणं तिने सोडलं नाही.

माणूस गेला की त्याचा हात कुठेतरी चालू असावा असं वाटतं. त्यात वेडेपणा नाही. मलाही वाटतं. त्या वाटण्याचा फायदा घेणारे ते ओळखून येतात, म्हणून एवढंच लिहून ठेवते. कुणी चमत्कार दाखवला तर त्याला आधी हात उघडे करायला सांगा. तो सांगेल त्या काट्यावर न मोजता, जिथे त्याचा हात पोचत नाही अशा खांबावर मोजा. आणि ज्याला काम करताना तुमचे डोळे मिटलेले हवेत, त्याच्यासमोर ते उघडे ठेवा. बाबांचा हात मला हवा असतो तेव्हा मी त्यांची वही उघडते. तिथे तो आहे: चाक, धुरी, गिअर, वेग, आणि खाली उत्तर. कुणीही ताडून बघावं.